लिव्हरपूल, १८४७ : तळघरातली माणसे, टायफसचा ताप आणि धुण्याचे गरम पाणी

दफ्तरदार

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडमधील साथींचा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा १८५४ साली कॉलऱ्याचा माग ज्याच्यापर्यंत लागला तो लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरचा पाण्याचा पंप आणि तो माग काढणारे डॉ. जॉन स्नो यांचीच हकीकत सांगितली जाते. ती मोलाची आहेच. परंतु तिच्या आधी सात वर्षे लिव्हरपूल बंदराच्या उत्तरेला, व्हॉक्सहॉल आणि स्कॉटलंड रोडच्या वस्तीत जे घडले, ते मला अधिक अस्वस्थ करते, म्हणून हा धागा काढत आहे.

लिव्हरपूल हे तेव्हा कापसाचे, साखरेचे आणि देशांतर करणाऱ्यांचे बंदर होते. गोदीतले काम रोज मिळेलच याची खात्री नसे, पहाटे जो दारात उभा असेल त्याला ते मिळे, म्हणून हमाल गोदीपासून पायी जाता येईल एवढ्याच अंतरावर राहत. जागा मोजकी आणि राहणारे अगणित, अशा स्थितीत घरमालकांनी रस्त्यामागच्या प्रत्येक तुकड्यावर ‘कोर्ट’ बांधली. कोर्ट म्हणजे आपला चौसोपी वाडा नव्हे. रस्त्यावरून एका बोळकांडीने आत शिरायचे, दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून उभी केलेली तीन मजली अरुंद घरे, मागच्या भिंतीला खिडकी नाही, बहुतेक ठिकाणी दुसरे टोक बंद, आणि सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक-दोन संडास व त्याला लागून राखेचा व मैल्याचा खड्डा. त्याखाली तळघरे होती आणि त्या तळघरांतही माणसे राहत. १८४० च्या सुमारास शहरात अशी ७,८६२ वस्तीची तळघरे आणि २,२७० कोर्ट मोजली गेली होती.

या वस्तीत गरिबांच्या दवाखान्यात काम करणारे डॉ. विल्यम हेन्री डंकन यांनी तळघरांचे जे वर्णन करून ठेवले आहे, त्यातली एक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. शेजारच्या मैलखड्ड्याचा पाझर भिंतीतून आत येत असे. एका तळघरात तो पाझर साचवण्यासाठी चार फूट खोल खड्डा खणलेला आढळला, आणि तो होता कुटुंब ज्या बिछान्यावर झोपत असे त्या बिछान्याच्या खाली. १८४२ साली मजुरांच्या आरोग्यस्थितीवरचा एडविन चॅडविक यांचा अहवाल निघाला. त्यात लिव्हरपूलमधील मृतांचे सरासरी वय वर्गवार दिलेले आहे : सुस्थितीतल्या लोकांचे ३५, दुकानदार-व्यापाऱ्यांचे २२ आणि मजुरांचे १५.

डंकन यांनी हा विषय लावून धरला, व्याख्याने दिली, आणि १८४६ साली लिव्हरपूलसाठी स्वतंत्र आरोग्य कायदा झाला. १ जानेवारी १८४७ रोजी ते शहराचे आरोग्य अधिकारी झाले. अशा पदावर नेमले गेलेले ते देशातले पहिलेच. वर्षाला ३०० पौंड पगार आणि सोबत खासगी व्यवसायाची मुभा, अशी ती अर्धवेळ नेमणूक होती. त्यांच्या जोडीला अस्वच्छतेची तपासणी करणारे थॉमस फ्रेश आणि नगर अभियंता जेम्स न्यूलँड्स असे तिघांचे पथक उभे राहिले.

आणि त्याच वर्षी आयर्लंडचा दुष्काळ लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरला. बटाट्याचे पीक सलग करपले होते. १८४७ या एका वर्षात सुमारे ३ लाख आयरिश माणसे बोटींनी येथे आली, म्हणजे शहराची स्वतःची वस्ती होती जवळपास तेवढीच. बरेच जण पुढे अमेरिकेला गेले, सुमारे १५,००० जणांना कायद्याने परत आयर्लंडला धाडले गेले, आणि ज्यांच्यापाशी पुढच्या प्रवासाचे भाडे नव्हते ते व्हॉक्सहॉलच्या तळघरांत शिरले. त्यांच्यामागोमाग टायफस पसरला. त्या वर्षी ६०,००० च्या आसपास लोकांना तापाने आणि ४०,००० च्या आसपास लोकांना हगवण व अतिसाराने गाठले, असा डंकन यांचा अंदाज होता. गोदामांत तात्पुरती इस्पितळे उघडली, मर्सी नदीत जहाजे नांगरून त्यांवर रोगी ठेवले. मरणाऱ्यांच्या उशाशी बसणारे १० कॅथलिक धर्मगुरू त्या एका वर्षात तापाने गेले, आणि गरिबांत काम करणारे युनिटेरियन पंथाचे जॉन जॉन्स हेही गेले.

आता माझा मुद्दा मांडतो. कायद्याने डंकन यांच्या हाती जे सर्वांत मोठे हत्यार दिले होते ते तळघरे रिकामी करण्याचे. उंचीची आणि उजेडाची अट न पाळणाऱ्या तळघरात माणूस ठेवणे गुन्हा ठरले, आणि पुढच्या काही वर्षांत हजारो तळघरे रिकामी केली गेली. परंतु बाहेर काढलेल्या माणसाने जायचे कोठे, याविषयी त्या कायद्यात एक अक्षर नव्हते. माणसे वरच्या मजल्यावरच्या, आधीच भरलेल्या खोल्यांत गेली, किंवा रात्री पुन्हा त्याच तळघरात उतरली. पालिकेने स्वतः बांधलेली पहिली भाड्याची घरे, व्हॉक्सहॉलमधील सेंट मार्टिन्स कॉटेजेस, उभी राहायला १८६९ साल उजाडले. घर काढून घेणे आणि घर देणे यांत बावीस वर्षे गेली.

याउलट त्याच शहरात, त्याच्याही आधी, किटी विल्किन्सन नावाच्या एका बाईने काय केले ते पाहा. मूळ आयर्लंडची, लहानपणी कापडगिरणीत काम केलेली, मोलमजुरीवर घर चालवणारी ही बाई डेनिसन स्ट्रीटवर राहत असे. १८३२ साली कॉलरा आला तेव्हा त्या गल्लीत पाणी तापवण्याचा मोठा हंडा तिच्या एकटीच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात होता. आठवड्याला एक पेनी घेऊन तिने तो हंडा आणि मागचे अंगण शेजारणींना रोग्यांचे कपडे व अंथरुणे धुण्यासाठी खुले केले. ती धुण्याच्या पाण्यात क्लोराईड ऑफ लाईम, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घालत असे. एका आठवड्यात ८५ कुटुंबांचे धुणे तिच्याकडे झाल्याची नोंद आहे. त्यातूनच १८४२ साली फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक स्नानगृह व धुण्याचे घर उघडले गेले आणि १८४६ साली साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला.

जे काढून घेतले त्याने रोग हटला नाही, जे दिले त्याने हटला, असे माझे मत या वाचनातून बनले आहे. जाणकारांनी यावर लिहावे.

परसदार

धाग्याबद्दल मनापासून आभार. एक शंका आहे. टायफस म्हणजे आपण ज्याला विषमज्वर म्हणतो तोच ना? तसे असेल तर तो दूषित पाण्यातून येतो, मग धर्मगुरू त्या तापाने का गेले असावेत? ते काही तळघरातले पाणी पीत नसणार. आणि कपडे धुण्याचा त्याच्याशी काय संबंध?

रात्रपाळी

परसदार, तुमची शंका अगदी रास्त आहे. विषमज्वर म्हणजे टायफॉईड, आणि टायफस हा निराळा रोग आहे. मराठी वैद्यकीय लेखनात टायफसला प्रलापक सन्निपात ज्वर म्हणतात, कारण त्यात रोगी भ्रमात बडबडतो. त्या काळी डॉक्टरांमध्येही हा घोळ बरीच वर्षे होता. मृत्युनोंदीत दोन्ही केवळ ‘ताप’ या एका सदरात जात असत.

टायफस पसरतो अंगावरच्या उवांमुळे. या डोक्यातल्या उवा नव्हेत. या कपड्यांत राहतात, आणि त्यांची अंडी सदऱ्याच्या काखेतल्या व कमरेच्या शिवणीत चिकटलेली असतात. ऊ रक्त पिण्यापुरती कातडीवर येते. तिच्या विष्ठेत जंतू असतो, माणूस खाजवतो, आणि खाजवल्याने झालेल्या ओरखड्यातून तो जंतू शरीरात जातो. उवेला अंगाची नेहमीची ऊब हवी असते. रोग्याचा ताप फार चढला की किंवा तो मरून गार पडला की ती ते अंग सोडून शेजारच्या अंगावर जाते. रोग्याला उचलणारा, त्याच्या तोंडाशी कान नेऊन त्याचे अखेरचे बोलणे ऐकणारा, त्याचे कपडे उतरवणारा, हे सगळे तिच्या वाटेत असतात. धर्मगुरू, डॉक्टर आणि परिचारिका का मेल्या याचे उत्तर इतके साधे आहे.

परंतु हे उत्तर १८४७ साली कोणालाच ठाऊक नव्हते. उवांचा हा दोष शार्ल निकोल यांनी ट्युनिसमध्ये १९०९ साली दाखवून दिला. डंकन आणि त्यांचे सर्व सहकारी घाणीतून उठणाऱ्या दूषित हवेला जबाबदार धरत होते. म्हणूनच दफ्तरदार यांनी किटी विल्किन्सनचे जे उदाहरण दिले ते मला फार महत्त्वाचे वाटते. तिलाही कारण ठाऊक नव्हते, पण उकळत्या पाण्यात कपडा गेला की शिवणीतली ऊही मरते आणि अंडेही मरते. कॉलऱ्याच्या रोग्याची चादर क्लोराईड ऑफ लाईमच्या पाण्यातून काढली की तोही जंतू मरतो. कॉलऱ्यासाठी सुरू झालेले काम पंधरा वर्षांनी आलेल्या टायफसवर अधिकच लागू पडणारे होते.

मी स्वतः परिचारिका आहे आणि गेली काही वर्षे लिव्हरपूलमध्ये नोकरी करते. येथील सेंट जॉर्जेस हॉल या भव्य इमारतीच्या मोठ्या दालनात भिंतीच्या कडेने संगमरवरी पुतळे आहेत. ते सगळे पुरुषांचे होते. २०१२ साली तेथे पहिल्या स्त्रीचा पुतळा बसला, तो किटी विल्किन्सनचा. रात्रपाळी संपवून सुट्टीच्या दिवशी मी तो पाहायला गेले होते आणि तेथे बराच वेळ उभी राहिले. आमच्या वॉर्डात चादरी बदलणे हे काम सर्वांत खालचे समजले जाते, त्या कामाला कोणीतरी दगडात कोरले, याचे मला फार समाधान वाटले.

अंबाघाट

लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु दफ्तरदार, तुमच्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. डॉ. डंकन यांच्यावर तुम्ही अन्याय करत आहात.

पहिली गोष्ट, सरासरी वय १५ या आकड्याविषयी. हा आकडा वाचून वाचकाचा असा समज होतो की मजूर पंधराव्या वर्षी मरत होते. तसे नाही. ते मरण पावलेल्यांचे सरासरी वय आहे, आणि मृतांमध्ये तान्ह्या व पाच वर्षांखालच्या मुलांची संख्या प्रचंड असल्यामुळे ते इतके खाली येते. शिवाय ज्या वस्तीत तरुण स्थलांतरित जास्त आणि म्हातारी माणसे कमी, तेथे हे सरासरी वय आपोआपच आणखी घटते. मुलांचे मरण भयंकरच होते, त्याविषयी वाद नाही, पण आकडा काय सांगतो ते नेमके समजून घेतले पाहिजे.

दुसरी गोष्ट तळघरांची. ज्या खोलीत बिछान्याखाली मैल्याचा खड्डा आहे, ती खोली राहू द्यावी असे कोणता डॉक्टर म्हणेल? डंकन यांच्या हाती घरे बांधण्याचा अधिकारही नव्हता आणि पैसाही नव्हता. त्यांनी सगळी तळघरे एका फटक्यात रिकामी केली नाहीत, टप्प्याटप्प्याने केली, हेही नमूद केले पाहिजे. १८४८ साली पालिकेने त्यांचा पगार ७५० पौंड करून त्यांना पूर्णवेळ घेतले, कारण पहिल्या वर्षातच दिसून आले की हे काम सकाळी रोगी तपासून दुपारी करण्यासारखे नाही. आज प्रत्येक महानगरपालिकेत आरोग्य अधिकारी असतो. या पदाला मुळात काही अर्थ आहे हे त्या माणसाने सिद्ध केले.

तिसरी गोष्ट, न्यूलँड्स यांना तुम्ही एका ओळीत उरकले आहे. त्यांनी आधी साऱ्या शहराची उंचसखल मोजून नकाशा केला आणि १८४८ पासून भुयारी गटारांचे काम सुरू केले. क्रिमियाच्या युद्धात इंग्रज सैनिक गोळीपेक्षा हगवणीने आणि तापाने अधिक मरू लागले, तेव्हा तेथील इस्पितळांची सफाई करण्यासाठी १८५५ साली जे पथक गेले त्यात न्यूलँड्स होते. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी या लिव्हरपूलकरांचे ऋण पुढे मोकळेपणाने मान्य केले.

दफ्तरदार

अंबाघाट, सरासरी वयाबद्दलची तुमची दुरुस्ती मान्य आहे. मी तो आकडा उलगडून सांगायला हवा होता.

डंकन यांच्याविषयी पुन्हा विचार केला. माझ्या लिखाणात दोष कायद्याला द्यायचा होता आणि तो माणसाच्या माथी गेला, हे खरे आहे. कायदा करणाऱ्यांत घरमालक होते, करदाते होते. तळघर बंद करण्याच्या कलमाला त्यांचा विरोध मोडून काढता आला, पण करदात्यांच्या पैशातून गरिबासाठी घर बांधावे हा विचार त्या पिढीला पेलणारा नव्हता. डंकन १८६३ साली वारले, त्यानंतर सहा वर्षांनी ती पहिली घरे झाली, आणि त्यांचेही भाडे अगदी खालच्या हमालाला परवडणारे नव्हते. तरीही जो माणूस त्या रात्री मुलाबाळांसह तळघराच्या पायऱ्या चढून वर आला, त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले की मला ते कलम अपुरेच वाटते, आणि त्या मतावर मी ठाम आहे.

न्यूलँड्स यांच्या गटारांबद्दल एक पुस्ती जोडतो. गटार बांधून भागत नाही, त्यातून मैला वाहून नेण्याइतके पाणी लागते. १८४० च्या दशकात लिव्हरपूलला दोन खासगी कंपन्या पाणी देत, तेही ठरावीक दिवशी ठरावीक वेळ. कोर्टमधल्या बायका त्या वेळात पिंपे, बादल्या आणि मिळेल ते भांडे भरून ठेवत. पालिकेने या कंपन्या विकत घेतल्या आणि रिव्हिंग्टनच्या डोंगराळ भागातल्या तलावांचे पाणी शहरात आले ते १८५७ साली. मधल्या काळात, १८४९ साली, कॉलऱ्याने लिव्हरपूलमध्ये ५,००० हून अधिक माणसे नेली. आरोग्य अधिकारी होता, कायदा होता, गटारांचे काम चालू होते, पण घरात स्वच्छ पाण्याचा नळ अजून आला नव्हता.

नाखवा

या पाण्याच्या मुद्द्यावरून आपल्या मुंबईची आठवण होणे अपरिहार्य आहे, आणि हा संबंध ओढूनताणून आणलेला नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात लिव्हरपूलच्या बाजाराला जो कापूस लागला तो मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या बंदरातून गेला. त्याच भरभराटीच्या वर्षांत, १८६५ साली, मुंबईला आर्थर क्रॉफर्ड हे पालिका आयुक्त मिळाले आणि डॉ. थॉमस गिलहॅम हेवलेट हे आरोग्य अधिकारी मिळाले. फरक क्रमाचा आहे. लिव्हरपूलने आधी गटारे खणली आणि पाणी मागाहून आणले. मुंबईत विहार तलावाचे पाणी १८६० साली आले आणि सांडपाणी वाहून नेण्याची सोय मात्र रखडली. पाणी घरात आले, वापरून झाले, आणि सखल भागातल्या चाळींभोवती तुंबून राहिले. दोन्ही शहरांनी अर्धे काम आधी केले, आणि उरलेले अर्धे होईपर्यंतच्या वर्षांची किंमत खालच्या वस्तीने मोजली.

परंतु मला लिहायचे आहे ते लोकांच्या भीतीविषयी. १८३२ च्या कॉलऱ्यात लिव्हरपूलमध्ये ४,९७७ लोकांना रोग झाला आणि १,५२३ मेले. त्याच वेळी मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या दहा तारखेपर्यंत शहरात आठ दंगली झाल्या. लोक डॉक्टरांवर दगडफेक करत होते, रोग्याला इस्पितळात नेणारी पालखी अडवत होते. डॉक्टर रोग्यांना मारून त्यांची प्रेते चिरफाडीसाठी वापरतात, अशी त्यांची पक्की समजूत होती. ही समजूत हवेतून आलेली नव्हती. सहाच वर्षांपूर्वी, १८२६ साली, लिव्हरपूलच्या धक्क्यावर स्कॉटलंडला जाणाऱ्या पिंपांत प्रेते सापडली होती, आणि त्याचा माग होप स्ट्रीटवरच्या एका तळघरापर्यंत लागला होता, तेथे आणखी प्रेते निघाली. वैद्यकीय शाळांना प्रेते हवी होती आणि ती गरिबांच्या थडग्यांतून चोरली जात होती. गरीब माणूस डॉक्टरला भीत होता त्यामागे असा पुरावा होता. त्या दंगली शमल्या त्या कॅथलिक धर्मगुरूंनी चर्चमधून आवाहन वाचून दाखवल्यावर, म्हणजे ज्यांच्यावर लोकांचा आधीपासून विश्वास होता त्यांनी सांगितल्यावर.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान प्रथम केले ते मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. मांडवी ही आपली गोदीलगतची, धान्याच्या वखारींची, दाट वस्ती, व्हॉक्सहॉलची सख्खी बहीण शोभेल अशी. आणि ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. तेथे नेलेला माणूस जिवंत परत येत नाही, ही भीती शब्दशः तीच होती. पुढच्या वर्षी पुण्यात घरझडतीच्या वेळी जे झाले ते आपण सारे जाणतो. त्या काळातच सावित्रीबाई फुले ससाण्यांच्या माळावर आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंत यांच्या, दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करताना प्लेगने गेल्या, १० मार्च १८९७ रोजी. दफ्तरदार, तुमच्या किटीबाईंची आणि त्या दहा धर्मगुरूंची हकीकत वाचताना मला सतत सावित्रीबाई दिसत होत्या. शिपाई घेऊन दारात आलेला अधिकारी आणि रोग्याला आपल्या हाताने उचलणारी बाई, या दोघांकडे लोक एका नजरेने पाहणार नाहीत.

परसदार

रात्रपाळीताई, तुमच्या प्रतिसादाने शंका पूर्ण फिटली. आता दुसरी शंका विचारतो. लिव्हरपूलमध्ये टायफसच्या रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका होत्या तरी का? शिकलेली परिचारिका ही कल्पना नाइटिंगेल बाईंनंतरची ना?

रात्रपाळी

होय, १८४७ साली तशी कोणी नव्हती. गरीबखान्याच्या, म्हणजे निराधारांना ठेवण्याच्या सरकारी घराच्या, इस्पितळात रोग्यांची काळजी घ्यायला त्याच गरीबखान्यातल्या धडधाकट बायका नेमत. त्यांना शिक्षण नाही, पगार नाही.

बदल झाला तो एका खासगी दुःखातून. विल्यम रॅथबोन हे लिव्हरपूलचे मोठे व्यापारी. १८५९ साली त्यांच्या पत्नीचे दीर्घ आजाराने निधन झाले. तिच्यासाठी घरी मेरी रॉबिन्सन नावाची परिचारिका ठेवली होती. आपल्यासारख्या श्रीमंताच्या घरात जिच्यामुळे एवढा दिलासा मिळाला, तशी बाई गरिबाच्या घरी गेली तर काय होईल, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी मेरी रॉबिन्सनलाच तीन महिन्यांसाठी गरीब वस्तीत धाडले. पहिला महिना संपायच्या आत त्या रडत परत आल्या, एवढी विपन्नावस्था आपल्याच्याने पाहवत नाही म्हणाल्या. रॅथबोन यांनी त्यांना धीर दिला, त्या पुन्हा गेल्या, आणि मुदत संपल्यावर त्यांनी दुसरे काम घ्यायला नकार देऊन तेच काम मागून घेतले. पुढे नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने शहराच्या इन्फर्मरीत, म्हणजे मोठ्या इस्पितळात, परिचारिकांची शाळा निघाली, शहराचे १८ विभाग पाडले गेले आणि प्रत्येक विभागाला परिचारिका मिळाली. घरोघरी जाणाऱ्या परिचारिकेची पद्धत तेथून देशभर गेली.

ब्राउनलो हिलच्या गरीबखान्याचे इस्पितळ अॅग्नेस जोन्स यांनी १८६५ साली हाती घेतले. त्या आयर्लंडच्या, नाइटिंगेल यांच्या शाळेत शिकलेल्या. सोबत १२ प्रशिक्षित परिचारिका आणि समोर हजाराहून अधिक रोगी. तीन वर्षांत त्यांनी ते इस्पितळ माणसांत आणले, आणि फेब्रुवारी १८६८ मध्ये पस्तिसाव्या वर्षी टायफसनेच गेल्या. तो रोग उवेमुळे होतो हे कळायला अजून एकेचाळीस वर्षे होती. ही दोन वर्षे शेजारी शेजारी लिहिली की माझे मन भरून येते. हातमोजे, निराळा गाऊन, रोग्याचे कपडे वेगळे गुंडाळून उकळायला धाडणे, एवढ्यावर त्या वाचू शकल्या असत्या. आज मला हे सारे पाळीवर गेल्या गेल्या कपाटात घडी करून ठेवलेले मिळते.

अंबाघाट

रात्रपाळीताई, तुमचा हा प्रतिसाद वाचून थांबलो होतो. एक तांत्रिक शंका उरते. ज्याच्या अंगावर एकच जोड आहे त्याने तो धुवायला द्यायचा कसा? लिव्हरपूलच्या थंडीत ओल्या कपड्यानिशी माणूस कुडकुडून मरेल. गरिबांनी पांघरुणे आणि कपडे गहाण टाकलेले असत, हेही वाचले आहे.

दफ्तरदार

अंबाघाट, नेमक्या जागी बोट ठेवलेत. दूषित हवेच्या सिद्धांतात या प्रश्नाला स्थानच नव्हते. तेथे विचार व्हायचा तो रस्ता, गटार, खड्डा यांचा. सदऱ्याचा विचार धुणाऱ्या बाईलाच सुचणार.

धुण्याच्या सार्वजनिक घरांची रचना पाहिली की दिसते की नुसते पाणी देऊन ती थांबली नव्हती. प्रत्येक बाईला उभे राहायला स्वतंत्र खण, त्यात गरम पाणी, आणि पलीकडे गरम हवेवर कपडे सुकवण्याची कपाटे. कोर्टमधल्या खोलीत दोरीवर टाकलेले धुणे दिवसेंदिवस ओले राही आणि त्याच खोलीत मुले झोपत. येथे सकाळी आणलेले धुणे त्याच दिवशी कोरडे करून घरी नेता येत असे. नवरा गोदीवरून परतला की त्याच्या बिछान्यावरची चादर कोरडी असे. ज्यांच्यापाशी धुवायला द्यावा असा दुसरा जोडच नव्हता, त्यांची अडचण मात्र याने सुटत नव्हती, आणि टायफसने सर्वांत अधिक माणसे त्यांच्यातलीच नेली.

किटी विल्किन्सन आणि तिचे पती टॉम यांना १८४६ साली फ्रेडरिक स्ट्रीटच्या त्या घराची देखरेख सोपवली गेली. म्हणजे पुढच्या वर्षी, जेव्हा ताप घेऊन बोटींमागून बोटी येत होत्या, तेव्हा किटी साठीची होती आणि रोज तेथे होती. ती १८६० साली वारली आणि सेंट जेम्सच्या दफनभूमीत तिला पुरले. रात्रपाळीताई, ती दफनभूमी तुमच्या मुक्कामापासून दूर नसावी. पुढच्या सुट्टीत जाणे झाले तर तिच्या थडग्यावर काय कोरले आहे ते येथे लिहाल का?

रात्रपाळी

जाईन, दफ्तरदार काका. मोठ्या कॅथीड्रलच्या अगदी खाली, खडक खोदलेल्या जुन्या खाणीत ती जागा आहे आणि माझ्या बसच्या वाटेवरच पडते. या आठवड्यात सलग रात्रपाळी आहे, त्यानंतरच्या सुट्टीत जाऊन दगडावरची अक्षरे उतरवून येथे टाकते.